डीएनएवरच का उठते प्रतिकारशक्ती?

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याचा संशय आला की डॉक्टर ‘अँटी-डीएसडीएनए’ ही तपासणी लिहून देतात. ती पॉझिटिव्ह आली, तर रुग्णाच्या रक्तात दुपदरी डीएनएला चिकटणाऱ्या अँटीबॉडी आहेत असे समजायचे. डीएनए तर आपल्याच पेशींतला. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार तरी कशा होतात, हे उलगडायला कित्येक दशके लागली.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्हज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेल्या पेशी दिसल्या. केंद्रकावर कशाचा तरी रोख आहे, हे त्यावरून कळले. १९५७ मध्ये युरोप-अमेरिकेतील अनेक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की रुग्णांच्या अँटीबॉडी थेट डीएनएला चिकटतात. पुढच्या दशकात त्याच अँटीबॉडी रुग्णांच्या मूत्रपिंडांतही सापडल्या.

पण प्राण्यांना सस्तन प्राण्यांचा शुद्ध डीएनए टोचला, तर काहीच घडेना. मला या साऱ्या इतिहासात हे अपयशच सर्वांत मोलाचे वाटते, कारण खरा धागा तिथेच होता. अँटीबॉडी बनवतात त्या बी पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. बी पेशीला पूर्ण ताकदीच्या अँटीबॉडी बनवायला सहसा टी पेशी या दुसऱ्या प्रकाराची मदत लागते, आणि टी पेशी ओळखते ती प्रथिनांचे तुकडे. नुसत्या डीएनएत प्रथिन नसते. शरीरात मात्र डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनए पकडणारी बी पेशी हे अख्खे गाठोडे गिळते आणि हिस्टोनचा तुकडा टी पेशीपुढे ठेवते. ल्युपस होणाऱ्या उंदरांत असे गाठोडे ओळखणाऱ्या टी पेशी असतात, हे चंद्र मोहन, स्यामल दत्ता आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले.

मुळात अशी बी पेशी येते कुठून? न्यूयॉर्कमध्ये बेटी डायमंड आणि मॅथ्यू शार्फ हे संशोधक उंदराच्या एका अँटीबॉडीवर काम करत होते. न्यूमोनियाच्या जिवाणूच्या आवरणातील फॉस्फोकोलीन या रेणूला ती चिकटायची. तिच्यातले एकच अमिनो आम्ल बदलले, ग्लुटामिक आम्लाच्या जागी अ‍ॅलॅनिन आले. फॉस्फोकोलीनवरची पकड गेली आणि अँटीबॉडी डीएनएला चिकटू लागली! हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतूंशी लढताना बी पेशी आपल्या जनुकांत असे बदल सतत करत असतात. त्यामुळे चुकीची अँटीबॉडी तयार होणे अपरिहार्यच. निरोगी शरीर तशा पेशींना वेळीच आवरते.

राहिला प्रश्न, बी पेशीला सापडावा इतका डीएनए पेशींबाहेर साठतो कसा याचा. पेशी रोज मरतात आणि त्यांचा कचरा एरवी झटपट उचलला जातो. २०११ मध्ये सौदी अरेबियातील काही कुटुंबांत लहान वयातच होणाऱ्या ल्युपसचे मूळ ‘डीएनेज१एल३’ या एकाच जनुकातील दोषात सापडले. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए कापून टाकणारे एन्झाइम याच जनुकामुळे बनते.