हलगी कुणाची, नाव कुणाचं

मागच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका लग्नात वरात निघायच्या आधी हलगीवाले काका कोपऱ्यात बसून हलगी शेकायलेते, मूठभर कडबा पेटवलेला अन् त्यावर चामडं फिरवत मधेच बोटानं टिचकी मारून आवाज बघायचे, ढब वाजली की परत जाळावर, खणखणीत वाजली की बास. शेजारचं एक पोरगं व्हिडिओ काढत होतं. रात्री रील पडली, खाली लिहिलेलं 'पारंपरिक हलगी'. काकांचं नाव कुठंच नाही. गाण्यात, सिनेमात कुणाची कला कुणी वापरायची यावर जगभर जे भांडण चाललंय ना, त्याची मेख मला तरी या 'पारंपरिक' शब्दातच दिसते.

अमेरिकेत हे लई जुनंय. १८३० च्या आसपास थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची नक्कल करत नाचायचा, त्या पात्राचं नाव जिम क्रो, अन् पुढं काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यांना लोक त्याच नावानं ओळखायला लागले. म्हणजे आधी स्टेजवर टिंगल अन् मग तेच नाव कायद्याला! १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेच्या ब्लूज (काळ्यांच्या दुःखाची गाणी) रेकॉर्डला धो धो गिऱ्हाईक मिळालं तेव्हा कंपन्यांना कळलं की काळे लोकही पैसे देऊन रेकॉर्ड घेतात, मग त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड', म्हणजे वंशाच्या नावाची रेकॉर्ड, म्हणून वेगळा कप्पा केला. गाण्यांच्या क्रमवाऱ्या छापणाऱ्या बिलबोर्ड साप्ताहिकानं हा शब्द १९४९ साली काढला अन् 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव बदललं, कप्पा राहिला.

सिनेमातही तेच. हॅटी मॅकडॅनियलला १९४० साली ऑस्कर मिळालं, हा मान मिळवणारी ती पहिली काळी कलाकार, पण ज्या हॉटेलात सोहळा होता तिथं काळ्यांना प्रवेश नव्हता म्हणून तिला बाजूच्या वेगळ्या टेबलावर बसवलं. गावात ज्याच्या वाजवण्याशिवाय वरात निघत नव्हती अन् ज्याची पंगत मात्र बाहेर बसायची, त्याच्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण सगळ्यात जास्त जीव तुटतो तो सॉलोमन लिंडासाठी. दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ साली जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्यानं 'म्बुबे' म्हणजे सिंह हे गाणं गायलं, अन् त्याचे हक्क गेले १० शिलिंगाला. रेकॉर्ड अमेरिकेत पोचली, तिथल्या पीट सीगर या लोकगायकाच्या ग्रुपला गाण्यातलं 'उयिम्बुबे' नीट ऐकू आलं नाही म्हणून ते 'विमोवे' झालं, अन् हे झुलूंचं पारंपरिक गाणं आहे असं धरून कागदावर 'पॉल कॅम्पबेल' हे चक्क खोटं नाव लागलं. सीगरनं नंतर लिंडाला हजार डॉलर पाठवले हेही सांगितलं पाहिजे. १९६१ मध्ये त्याच चालीवरचं इंग्रजी गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं अन् पुढच्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला. मग १९९४ ला डिस्नेच्या 'लायन किंग'मध्ये तीच चाल. ब्रिटिशांच्या १९११ च्या कॉपीराईट कायद्यात एक कलम होतं, कर्ता मेल्यावर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात, वकिलांनी ते हुडकून काढलं, २००४ ला केस टाकली अन् २००६ ला तडजोड होऊन लेकींना पैसे मिळाले. अख्ख्या जगानं गुणगुणलेलं गाणं, अन् घरच्यांना हक्काचं मिळायला इतकी वर्षं.

बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचं मात्र इतकं सरळ नाही. गोऱ्या एल्विस प्रेस्लीनं १९५६ ला गाजवलेलं 'हाउंड डॉग' तिनं आधी गायलं होतं, तिच्या हाती काय आलं तर ती सांगायची ५०० डॉलर. पण ते गाणं लिहिणारी दोन पोरं गोरी, ज्यू होती. त्यामुळं अमक्या रंगाच्या माणसानं हे गायचं नाही असं म्हणणं मला पटत नाही. गाऊ द्या, पण नाव लावा अन् वाटा द्या.

अन् हे सगळं मराठवाड्याला परकं नाही बरं का. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉय यांना पत्र लिहून काळ्यांच्या युनोतल्या अर्जाची चौकशी केली होती. पुढं औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात म. ना. वानखेडे सर अमेरिकेत शिकून आलेले, पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक तिथलंच, अन् लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी तर काळ्यांच्या साहित्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच नाव घेऊन.

आपल्याकडं कॉपीराईट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, कंपनीला तो लिहून घेता येत नाही. पण ज्याचा कर्ता कागदावर नाही त्या आराध्याच्या गाण्याला, गोंधळ्याच्या संबळाला, हलगीच्या ठेक्याला त्यातून काय मिळणार? म्हणून मी त्या काकांना परत जाऊन भेटलो, हा ठेका कुठून आला विचारलं. तर म्हणाले, "कुठून म्हंजे? माझ्या आज्यानं बसवलाय, त्याच्या आधी आमच्या शिवारात कुणी असं वाजवत नव्हतं."

आज्याचं नाव लिहून घेतलंय. त्या पोराला फोन करून दोघांची नावं रीलखाली टाकायला लावली, अन् 'पारंपरिक' काढायला लावलं.