स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? वजनाच्या ऑपरेशनआधी वाचा

आमच्या केंद्रात ऑपरेशन होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यासाठी आपल्याकडची माणसं नाशिक, पुणे, मुंबई गाठतात, नंदुरबार-नवापूरची बरीचशी सुरतेला जातात. आम्ही जळगावात बसून ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा आहार, गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या सांभाळतो. कुठलं ऑपरेशन करायचं हे तुमचे सर्जनच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे माहीत असलं तर बोलणं नीट होतं.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती किलो उतरेल?" ढोबळमानाने, दीड-दोन वर्षांत स्लीव्हने (जठराचा भाग कापून काढणं) एकूण वजनाच्या पाव हिश्श्याएवढं आणि बायपासने (अन्नाची पोटातली वाट बदलणं) त्याहून थोडं जास्त उतरतं. फरक एवढाच असेल तर निवड त्यावर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमची अ‍ॅसिडिटी, तुमची शुगर, तुमचा मुतखडा आणि गोळ्या घेण्याची तुमची शिस्त, या चार गोष्टी किलोंपेक्षा जास्त सांगून जातात. मेहुण्याचं स्लीव्ह छान झालं म्हणून आपलंही तेच, हा हिशोब तर अजिबात लावू नका.

ऑपरेशन कोणासाठी

वजन किलोमध्ये घ्या आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा, म्हणजे बीएमआय निघतो. उंची १६० सेंमी आणि वजन ९० किलो असेल तर तो ३५ च्या जरा वर येतो. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय लठ्ठपणा-शस्त्रक्रिया संघटनांनी २०२२ मध्ये मिळून जे निकष दिले, त्यांत ३५ च्या पुढे दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला आहे. आशियाई लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेघ २७.५ वर आणली आहे.

विमा कंपनीची रेघ मात्र वेगळी आहे. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या ठरलेल्या शब्दांप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ च्या पुढे असाल तर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांपैकी काहीतरी सोबत असावं लागतं. वय १८ पूर्ण हवं आणि वजन कमी करायचे साधे उपाय करून झालेले हवेत. म्हणजे त्याच १६० सेंमी उंचीला डॉक्टर ७१ किलोपासून विचार करू शकतात, पण दुसरा आजार नसेल तर विमा १०२-१०३ किलोंशिवाय दार उघडत नाही. आधी केलेल्या डाएटचे आणि औषधांचे कागद म्हणूनच जपून ठेवा.

स्लीव्ह

दुर्बिणीतून जठराचा साधारण पाऊण भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. ही उपमा डॉक्टरांचीच आहे, जळगावकरांना वेगळी समजवायला नको. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे नुसतं पोट लहान होत नाही, भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

स्लीव्हची खरी अडचण अ‍ॅसिडिटीची. नळीत दाब वाढतो आणि आंबट वर येतं. स्वित्झर्लंडमधल्या २१७ रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१८) पाच वर्षांनी स्लीव्ह आणि बायपासमधल्या वजनाच्या आकड्यांत मोठा फरक दिसला नाही. जळजळ मात्र स्लीव्हवाल्यांपैकी ३१.८ टक्क्यांची वाढली होती, बायपासवाल्यांपैकी ६.३ टक्क्यांची. शेवभाजी खाल्ली की रात्री उशीवर बसून राहणारी, सकाळी उठल्या उठल्या पॅन्टोप्राझोल शोधणारी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर ऑपरेशनआधी एंडोस्कोपी करून घ्याच, आणि हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आहे का हे नाव घेऊन विचारा.

बायपास

यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला जोडतात. अन्न मोठ्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला टाळून खाली जातं. जुनी जळजळ बऱ्याच जणांची यानेच थांबते. शुगर तर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येऊ लागते. मात्र पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह आणि इन्शुलिन चालू असेल, तर सगळं बंद होईल ही आशा धरू नका. फायदा जास्त होतो तो नव्या मधुमेहात.

आता आखाजीचं बोलू. मांडे आणि वाटीभर आमरस बायपासनंतर एकदम पोटात गेला, तर साखर थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. काहींना दोन तासांनी शुगर घसरून चक्कर येते. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्येही होतं, पण कमी. सण बंद होत नाहीत. आधी डाळ-उसळ, मग दोन चमचे रस, तोही सावकाश, असं शिकावं लागतं.

दोन गोष्टी बायपासच्या विरुद्ध जातात. एक म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन लागत असेल, तर जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू, बिडी आणि मशेरी यांचंही तेच. या सोडायच्या तर ऑपरेशनच्या कित्येक आठवडे आधी, आणि कायमच्या. दुसरी गोष्ट मुतखडा. बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट वाढतं आणि खडे व्हायचा धोकाही वाढतो. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत, छोट्या पोटाने एका वेळी चार घोटच पाणी जात असताना, ज्यांना आधी खडे झालेत त्यांनी हे सर्जनना आठवणीने सांगावं.

मिनी बायपास

हा बायपासचाच प्रकार, पण जठर-आतड्याचे जोड दोनऐवजी एकच, त्यामुळे ऑपरेशनला वेळ कमी लागतो, आणि भारतात हे बरंच चालतं. वजन आणि शुगर दोन्हीवर चांगलं काम करतं. पण आतड्याचा मोठा पट्टा वगळला जातो, म्हणून लोह आणि प्रथिनं कमी पडण्याची भीती जास्त, आणि काहींना पित्तरस वर येऊन जळजळ होते. माळकरी घरात, जिथे अंडंही चालत नाही, तिथे आम्ही जरा जास्तच खोदून विचारतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम निघतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. प्रथिनांची पावडर घ्यायची तयारी नसेल तर हे गणित जुळत नाही.

जठराभोवती पट्टा बसवण्याचं ऑपरेशन आता मागे पडलं आहे. जठरात फुगा ठेवतात, ते ऑपरेशन नव्हे. तो साधारण सहा महिने पोटात राहतो आणि काढल्यावर वजन परत चढू शकतं. वजन उतरवणारी टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळतात. तो पर्याय खरा आहे, पण बंद केल्यावर वजन बरंचसं परत येतं, हे खर्चाचा अंदाज करताना धरा.

नंतरची वर्षं

कुठलंही ऑपरेशन असो, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि तपासण्या कायमच्या. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट आणि डी यांत खाडा चालत नाही. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने घ्या, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा. तारीख आपल्या हातात असेल तर ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये ठेवू नका. सुरुवातीचे आठवडे घोट-घोट पाण्यावर काढायचे असतात आणि अंगातलं पाणी कमी होऊन पुन्हा दाखल व्हावं लागणं आपल्या उन्हात सोपं आहे.

एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने कमी होतं. अशा वेळी गावातल्या डॉक्टरांना ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी ऑपरेशनचं नाव सांगा आणि आधी थायमिन द्यायला सांगा, नाहीतर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बायपास होऊन वर्षं उलटली आणि पोटात अचानक जोराची कळ आली, तर गॅस म्हणून घरी थांबू नका. आतडं अडकलेलं असू शकतं, त्याला सीटी स्कॅन आणि सर्जन लागतात. ऑपरेशनचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद पाकिटात ठेवा.

आमच्याकडे येताना एंडोस्कोपी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), बी-१२, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि विम्याची पॉलिसी घेऊन या. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आली तर उत्तम. उपाशीपोटी यायची गरज नाही.