हार्लेम रेन्स आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्स: दोन्हीकडून खेळलेला पॉप गेट्स

बोटावर गरगरणारा चेंडू आणि हसून लोळणारे प्रेक्षक: हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हे नाव बास्केटबॉल न बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्यामुळे जुन्या काळातल्या हार्लेम रेन्सचा उल्लेख आला की हा तोच संघ असं अनेकजण धरून चालतात. विल्यम ‘पॉप’ गेट्सची कारकीर्द पाहिली की दोन्हींतला फरक नीट कळतो, कारण तो दोघांकडूनही खेळला.

रेन्स खरोखरच न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला संघ. बॉब डग्लस या कृष्णवर्णीय मालकाने तो १९२३ मध्ये उभा केला. घरचे सामने रेनेसान्स कसिनोच्या बॉलरूममध्ये, नाचाच्या गुळगुळीत फरशीवर व्हायचे. सामना संपला की तिथेच नाच सुरू. संघाचं नावही त्या कसिनोवरूनच पडलं. ग्लोबट्रॉटर्स मात्र शिकागोचे. गोरे व्यवस्थापक एब सेपरस्टीन यांनी ‘हार्लेम’ जोडलं ते खेळाडू कृष्णवर्णीय आहेत हे नावावरूनच कळावं म्हणून. प्रत्यक्ष हार्लेममध्ये हा संघ पहिल्यांदा खेळला तो १९६८ मध्ये!

गेट्स हार्लेममध्येच वाढला आणि १९३८ मध्ये रेन्समध्ये आला. पुढच्याच मार्चमध्ये शिकागोत जागतिक व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, गोरे आणि कृष्णवर्णीय संघ एकाच स्पर्धेत. रेन्सनी ग्लोबट्रॉटर्सना २७-२३ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात ऑशकॉश ऑल-स्टार्सना ३४-२५. त्यातले १२ गुण एकट्या गेट्सचे. विजयाची जॅकेटं मिळाली, तर त्यांवर ‘कलर्ड (म्हणजे कृष्णवर्णीय) वर्ल्ड चॅम्पियन्स’ असं लिहिलेलं. रेन्सचा खेळाडू जॉन आयझॅक्सने ब्लेड मागून घेतलं आणि आपल्या जॅकेटवरचा ‘कलर्ड’ हा शब्द काढून टाकला. जगज्जेते ते सगळ्यांना हरवून झाले होते, त्यामुळे त्याचं मला शंभर टक्के पटतं.

पण ग्लोबट्रॉटर्स म्हणजे नुसती गंमत, हाही समज चुकीचा. १९४० मध्ये त्यांनी रेन्सना ३७-३६ असं एका गुणाने बाहेर काढलं आणि ती स्पर्धा जिंकली. १९४८ मध्ये त्या काळचा मोठा खेळाडू जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्स संघालाही त्यांनी ६१-५९ असं हरवलं. करामती हळूहळू वाढत गेल्या, कारण गावोगावचे प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढू लागले. रेन्सनी ती वाट धरली नाही. झटपट पास आणि जिंकणं, एवढंच त्यांचं भांडवल. १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी ओळीने ८८ सामने जिंकले होते.

१९४८-४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये डेट्रॉइटचा संघ मध्येच बंद पडला. त्याची जागा रेन्सनी ओहायोतल्या डेटन शहरातून भरून काढली. गेट्स खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. हंगामानंतर दोन लीग एकत्र येऊन एनबीए, म्हणजे अमेरिकेतली आजची मुख्य बास्केटबॉल लीग झाली. त्यात डेटनला जागा मिळाली नाही आणि रेन्स संपले. १९५० मध्ये एनबीएने कृष्णवर्णीय खेळाडूंना दार उघडलं, तेव्हा रेन्स आणि ग्लोबट्रॉटर्स दोन्हींकडून खेळलेला नॅट क्लिफ्टन न्यूयॉर्क निक्समध्ये गेला. गेट्स तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. तो ग्लोबट्रॉटर्सकडे गेला आणि १९५५ पर्यंत तिथे खेळाडू-प्रशिक्षक राहिला.

बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने रेन्सना संघ म्हणून १९६३ मध्ये मान दिला, गेट्सला १९८९ मध्ये आणि ग्लोबट्रॉटर्सना २००२ मध्ये.