डायस्टॅसिस रेक्टी

गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर पोटाच्या पुढच्या बाजूचे दोन उभे स्नायू मध्यरेषेपासून दोन्हीकडे नेहमीपेक्षा जास्त सरकतात, त्या स्थितीस डायस्टॅसिस रेक्टी म्हणतात. ‘डायस्टॅसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ विलग होणे आणि ‘रेक्टस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सरळ असा आहे. छातीच्या खालच्या भागापासून जघनास्थीपर्यंत (ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडापर्यंत) उतरणाऱ्या या स्नायूंना तंतुमय ऊतीची एक पांढरी पट्टी जोडते, तिला श्वेतरेषा म्हणतात. या स्थितीत स्नायू फाटत नाहीत. ही पट्टी ताणून रुंद आणि पातळ होते. पोटाला भोक पडत नसल्यामुळे तो हर्नियाही नव्हे, मात्र बेंबीचा हर्निया सोबत असू शकतो.

वाढत्या गर्भाशयाचा आतून येणारा दाब आणि संप्रेरकांमुळे संयोजी (जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या) ऊतींना येणारा सैलपणा ही याची मुख्य कारणे होत. शेवटच्या आठवड्यांत ही फारकत बहुतेक सर्व गर्भवतींमध्ये आढळते, त्यामुळे त्या काळात तिला आजार मानणे योग्य नाही. नॉर्वेत पहिलटकरणींच्या एका अभ्यासात (2016) बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी सुमारे 45 टक्के आणि वर्षभराने सुमारे 33 टक्के स्त्रियांमध्ये ती आढळली. म्हणजे बरीचशी भरपाई शरीर आपणहून करते, पण प्रत्येकीच्या बाबतीत ती पूर्ण होत नाही.

तपासणीसाठी स्त्रीला गुडघे दुमडून उताणे झोपवतात आणि डोके व खांदे किंचित उचलायला सांगून बेंबीच्या वर, बेंबीपाशी व खाली स्नायूंमध्ये किती बोटे मावतात ते पाहतात. साधारण दोन बोटे किंवा दोन सेंटिमीटरहून अधिक अंतर असल्यास निदान केले जाते. अचूक मापासाठी सोनोग्राफी उपयोगी पडते. नुसत्या रुंदीपेक्षा श्वेतरेषा दाबल्यावर किती ताठ राहते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येणे आणि काही महिन्यांनीही पोट पुढे आलेले दिसणे, ही नेहमीची लक्षणे होत. कंबरदुखीशी या फारकतीचा थेट संबंध लावला जातो, पण वरील अभ्यासात फारकत असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण वेगळे आढळले नाही. ‘पोट सुटले’ एवढ्यावर अशा स्त्रीची बोळवण होते, हे अन्यायाचे आहे. कारण हा चरबीचा प्रश्न नाही आणि उपाशी राहून तो सुटत नाही.

महाराष्ट्रात बाळंतिणीचे पोट जुन्या सुती लुगड्याने बांधण्याची रीत आहे. अशा आधाराने सैल पोटाला आणि पाठीला बरे वाटते, परंतु त्यामुळे श्वेतरेषा पूर्ववत होते असे सिद्ध झालेले नाही. फार घट्ट बांधल्यास दाब खाली जाऊन, प्रसूतीत आधीच ताणलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर भार पडू शकतो.

उपचारात व्यायामाला पहिले स्थान आहे. डोके उचलण्याचे व्यायाम पूर्णपणे वर्ज्य असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. प्रत्यक्षात डोके उचलले की दोन स्नायू जवळ येतात, तर आतला आडवा उदरस्नायू आवळल्यास अंतर किंचित वाढते पण मधली पट्टी ताठ होते, असे सोनोग्राफीत दिसून आले आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारांचा मेळ घालून, श्वास न रोखता आणि उंचवटा येऊ न देता, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू भार वाढवणे उचित ठरते. सिझेरियन झालेल्या स्त्रीने जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. पुरेसे दिवस व्यायाम करूनही त्रास राहिल्यास शस्त्रक्रियेने स्नायू टाके घालून जवळ आणता येतात, मात्र नव्या गर्भारपणात ही शिवण पुन्हा ताणली जाऊ शकत असल्यामुळे आणखी मूल नको असे ठरल्यानंतरच ती करण्याचा सल्ला दिला जातो.