पेटीचा सरस: नेमका कोणता आणि कुठून आला

पेटी म्हणजे भजनातली बाजाची पेटी, हार्मोनियम, अन् सरस म्हणजे तिचं लाकूड-चामडं चिकटवायचा पदार्थ. आधी शब्दाचाच घोळ पाहा. आमच्याकडे वऱ्हाडात खेड्यात कोणाले "सरस आण" म्हटलं तर तो काय आणंल याचा भरवसा नाही. जुन्या सुताराचा सरस म्हणजे कातड्याचा, दुकानात कांड्या मिळतात त्या बरेचदा हाडाच्या, आणि आताची पोरं पांढऱ्या गमलाही सरसच म्हणतात, नाहीतर सरळ फेविकॉल, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. हा फरक बारका नाही. कातडं उकळा की हाडं, निघतं ते जिलेटिनच, पण चांगल्या कातड्याचा सरस जास्त ताण सोसतो, हाडाचा सहसा कमजोर. परदेशात सरसाची ही ताकद ग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे थिजलेल्या सरसावर एक ठराविक दट्ट्या 4 मिलिमीटर आत दाबायला किती वजन लागतं ते. लाकूडकामाला साधारण 192 ग्रॅमचा चालतो. आपल्याकडे मोजमाप एकच, बोटाला तार सुटते का नाही.

सरस जुनाच, इजिप्तच्या थडग्यांतल्या लाकडी सामानातही सापडलाय. 1700 च्या आसपास इटलीत पियानो झाला तेव्हा लाकडाला मुख्यतः हाच होता, हातोड्याचं चामडंही यानेच चिकटवायचे. तीच कारागिरी 1840 च्या सुमारास पॅरिसच्या पायपेटीत आली आणि पुढे कलकत्त्यात हातपेटी झाली तिच्यातही. तिथून गावोगावच्या भजनी मंडळात.

पांढरा गम ज्या रसायनाचा, ते जर्मनीत 1912 चं, पण आपल्याकडे तो 1960 नंतरच पसरला, आणि खरी भानगड तिथून. सरस रात्रभर पाण्यात भिजवा, भांड्यात भांडं ठेवून साठेक डिग्रीवर तापवा, जास्त तापला की कामातून गेला, वरून वास येतो तो वेगळाच. गम काय, डबा उघडला की काम सुरू. त्यामुळे सगळे तिकडे वळले यात नवल नाही. पण पेटी पुन्हा उघडावी लागते ना बाप्पा! सरसाचा जोड ऊन पाणी आणि गरम सुरीने सुटतो, नवा सरस जुन्यावरच बसतो. गमचा जोड उघडताना लाकूडच फाटतं, आणि वाळलेल्या गमवर नवा धरत नाही. त्यात सततच्या ताणाखाली गम हळूहळू सरकतो, अन् टिनाच्या देवळात मे महिन्यात पेटी ठेवली की तो नरमही पडतो. सरसाचेही दुखणे आहेतच, पावसाळ्यात ओल धरतो, बुरशी लागते, झुरळं खातात, उन्हाळ्यात कडक होऊन तडकतो.

आणखी एक वाद मंडळांमध्ये निघतो, की देवाच्या पेटीला जनावराचा सरस कसा चालंल. काही ठिकाणी त्याच्यामुळेच गम आला. माणसाच्या भावनेला काय म्हणावं, पण त्याच पेटीच्या भात्याला चामडं, पट्टीखाली चामडं, बाजूच्या मृदंगाची पुडी तर अख्खी चामड्याचीच, त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

सरस लवकर थिजू नये म्हणून त्यात थोडा युरिया टाकायची जुनी युक्ती आहे, पण शेतातला युरिया 2015 पासून नीमतेलाचा लेप लावूनच येतो आणि सरसात तेल म्हणजे पकड गेली, म्हणून ते पोतं यात चालत नाही. सध्या बरेच कारागीर मधला रस्ता काढतात, खोका गमने जोडायचा, भाता आणि चामडं तेवढं सरसाने.