मुरो-जी : 'बायकांचं कोया' म्हणजे काय?

जपानमधल्या नारा शहराच्या आग्नेयेला, डोंगरातल्या एका अरुंद खोऱ्यात मुरो-जी आहे. (इथला 'जी' म्हणजे बौद्ध मंदिर, आपला आदरार्थी 'जी' नव्हे.) नदीवरचा लाल कमानदार पूल ओलांडला की दगडी खांबावर 'न्योनिन कोया' अशी अक्षरं दिसतात. अर्थ, बायकांचं कोया. (कोया म्हणजे कोयासान हे बौद्ध पीठ; त्याची गोष्ट पुढे येते.) मंदिर मात्र या नावापेक्षा बरंच जुनं.

हा मुलूख आधी पर्जन्यदेवतेचा. इथल्या गुहेत नाग राहतो, असं मानून पावसासाठी प्रार्थना होत. 770 च्या दशकात युवराज यामाबे आजारी पडला, तेव्हा त्याच्यासाठी भिक्षूंनी याच डोंगरात अनुष्ठान केलं. तो बरा झाला आणि कोफुकु-जी या नारातल्या बड्या मठाच्या केनकेई नावाच्या भिक्षूकडे मंदिर उभारण्याचं काम आलं. हाच युवराज पुढे सम्राट कान्मु झाला आणि 794 मध्ये त्याने राजधानी आजच्या क्योतोला नेली.

सपाटीवरच्या मठांची आखणी इथे शक्यच नव्हती. उतार कापून टप्पे पाडले आणि एकेका टप्प्यावर एकदोन इमारती बसवल्या. मुख्य मंदिराला एडो काळात (1603-1868) पुढची ओसरी जोडली, तीही खांबांच्या टेकूवर उताराबाहेर काढून. त्याच्याही वर पाच मजली पॅगोडा. उंची फक्त 16 मीटर, म्हणजे होर्यु-जी या नाराजवळच्या जुन्या मंदिराच्या पॅगोडाच्या निम्मी. तळमजल्याची बाजू जेमतेम अडीच मीटर. पायऱ्यांच्या तळातून वर पाहताना मात्र तो आहे त्याहून मोठा वाटतो.

छपरं हिनोकी (जपानी सायप्रस) झाडाच्या सालीची. जिवंत झाडावरून सोललेल्या साली एकीवर एक चढवून बांबूच्या खिळ्यांनी ठोकायच्या, आणि तीस-चाळीस वर्षांनी सगळं नव्याने करायचं. 22 सप्टेंबर 1998 च्या वादळात पॅगोडाशेजारचा सुमारे 50 मीटर उंच सुगी (जपानी देवदार) वृक्ष कोसळला आणि वायव्य कोपऱ्याची पाचही छपरं त्याने फोडली. मधला खांब वाचला, म्हणून पॅगोडा उभा राहिला. दुरुस्ती 2000 मध्ये संपली. त्या निमित्ताने लाकडाची वर्षवलयं तपासली, तेव्हा झाड 794 च्या सुमारास तोडल्याचं कळलं. केनकेई 793 मध्येच वारला होता, तेव्हा पॅगोडा त्याच्या शिष्याच्या काळातला धरायला हवा.

आता नावाकडे. शिंगोन म्हणजे मंत्रयान पंथाचं मुख्य पीठ कोयासान. तिथे स्त्रियांना बंदी होती आणि ती सरकारी हुकमाने उठली थेट 1872 मध्ये. मुरो-जीवर शतकानुशतकं कोफुकु-जीचा ताबा होता, पण आत मंत्रयान रुजत गेलं. 1308 मध्ये बांधलेली अभिषेकाची वास्तू, कांजो-दो, ही त्याचीच खूण. शेवटी शोगुन (जपानचा लष्करी शासक) त्सुनायोशीची आई केइशो-इन हिने लक्ष घातलं. 1694 मध्ये मंदिर कोफुकु-जीपासून सुटून शिंगोनचं झालं आणि दुरुस्तीसाठी तिने 2,000 र्यो (सोन्याची नाणी) दिले. स्त्रियांना दार उघडं असलेलं शिंगोन मंदिर म्हणून नाव घट्ट झालं ते तेव्हापासून.

मुरोगुची-ओनो स्थानकावरून बस पंधरा मिनिटांत पोचवते, पण ती तासाला जेमतेम एक. परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवावी. अगदी वरच्या, शिंगोनचे संस्थापक कोबो दाइशी यांच्या देवळापर्यंत सुमारे 700 पायऱ्या आहेत, आणि पावसानंतर शेवाळामुळे चढण्यापेक्षा उतरणंच अवघड जातं. अकरा मुखांची कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, मुख्य मंदिरात शोधू नये. 2020 पासून ती खालच्या नव्या संग्रहालयात आहे.