थंडी बोटांना, फटका यकृतात

डिसेंबर लागला की 'गारठ्याने रक्त गोठतं, रोज हा काढा घ्या' असे मेसेज फिरू लागतात. निरोगी माणसाचं रक्त नाशिक-निफाडच्या थंडीत गोठत नाही. एका दुर्मिळ आजारात मात्र गारव्याने लाल पेशींचे खरोखर पुंजके होतात. त्याचं नाव कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन डिसीज. अशा रुग्णाचं रक्त टेबलावर गार झालं की नळीच्या काचेवर कणी दिसते. नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरली की कणी मोडते. मोजणी यंत्र मात्र पुंजक्यालाच एक पेशी समजतं आणि भलतेच आकडे छापतं.

हा उद्योग शरीराच्याच आयजीएम अँटीबॉडींचा. एरवी जंतूंवर धावणाऱ्या या अँटीबॉडी इथे आपल्याच पेशींना धरतात, तेही गारव्यात. बोटं, नाक, कानाच्या पाळ्या थंड पडल्या की पाच तुकड्यांचा हा थोराड रेणू एकाच वेळी अनेक लाल पेशींना पकडतो. बारीक वाहिन्या तुंबतात, बोटं निळी पडतात.

खरी गंमत पुढे आहे. पेशीवर बसल्याबसल्या आयजीएम 'कॉम्प्लिमेंट' (रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या) प्रथिनांची साखळी सुरू करतं: आधी सी१, मग सी४, सी२ आणि शेवटी सी३बी. रक्त पोटाच्या उबेत परतलं की आयजीएम सुटतं आणि दुसरी पेशी धरायला मोकळं होतं. सी३बी मात्र पक्क्या रासायनिक बंधाने पेशीला चिकटलेलं राहतं. यकृतातल्या कुफर पेशी ही खूण ओळखतात आणि लाल पेशी गिळून टाकतात. मोडतोड मुख्यतः यकृतात होते, म्हणून प्लीहा (जुन्या लाल पेशी मोडणारा अवयव) काढून फारसं साधत नाही.

मग अ‍ॅनिमिया, धाप, कावीळ, पित्ताशयात खडे, कधी काळसर लघवी. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. तापातही हा आजार बळावतो, कारण वापरून संपत आलेली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तापात पुन्हा भराभर तयार होतात. शरीर थंड करून करायच्या हृदयशस्त्रक्रियेआधी तर भूलतज्ज्ञाला हा आजार सांगायलाच हवा. रक्त चढवायचं तर तेही कोमट करून.

काढ्याने यातलं काही थांबत नाही. हातमोजे, पायमोजे, कानटोपी हवीच. रिटुक्सिमॅब हे औषध अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर काम करतं. २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सुटिमलिमॅब सी१ची कळच दाबून धरतं. त्याने पेशींची मोडतोड थांबते, हिमोग्लोबिन चढतं. पण आयजीएमची पकड तशीच राहत असल्याने गारठ्यात बोटं निळी पडायची ती पडतातच.